वाचकांचे प्रश्न : हवाई टॅक्सीत बसणार कोण?

गेल्या अंकात किनाऱ्यावरच्या वाहतुकीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिले होते : ‘कोकणात हवाई टॅक्सीला पुरेसे प्रवासी मिळतील असे आज तरी वाटत नाही.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला देणे मला योग्य वाटते. हवाई टॅक्सी म्हणजे बॅटरीवर चालणारे, अनेक पंख्यांच्या जोरावर जागच्या जागी वर उठणारे आणि मग विमानासारखे पुढे जाणारे छोटे यान होय. त्यात बहुधा एक वैमानिक आणि चार प्रवासी बसतात. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (अलिबाग) : दिल्लीत कनॉट प्लेस ते गुरुग्राम हे २७ किलोमीटरचे अंतर सात मिनिटांत कापणारी हवाई टॅक्सी येणार असल्याचे वाचले. मुंबई ते मांडवा हे अंतर तर त्याहूनही कमी आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी गेटवेवर लाँचसाठी रांग लागते. मग आमच्याकडे प्रवासी मिळणार नाहीत, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता?

उत्तर : आधी माझी चूक दुरुस्त करतो. माझे वाक्य सरसकट होते. संपूर्ण कोकणात हवाई टॅक्सीला खरी मागणी असण्याची शक्यता कुठे असेल, तर ती मांडवा-अलिबागच्या पट्ट्यातच आहे. मात्र ती मागणी आपल्याला वाटते तेवढी मोठी नाही, आणि तिचे कारण गेटवेवरच्या त्या रांगेतच सापडते.

दिल्लीची ती योजना इंटरग्लोब एंटरप्रायझेस आणि अमेरिकेतील आर्चर एव्हिएशन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली, २०२६ हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून. भाडे दोन ते तीन हजार रुपयांच्या घरात असेल, असे नंतर कंपनीकडून सांगण्यात आले. त्यातली सात मिनिटे ही यान हवेत असण्याची आहेत. माणूस मात्र तळावरून तळावर जात नाही, घरातून निघतो आणि घरी पोहोचतो. म्हणून आपण दोन प्रवाशांचा हिशेब मांडून पाहू. आकडे अंदाजाचे आहेत. आपण आपले घालून पाहावेत.

पहिला प्रवासी अंधेरीला राहतो. आज त्याला भाऊच्या धक्क्यापर्यंत एक तास, थांबण्यात वीस मिनिटे, रो-रो बोटीत एक तास आणि मांडव्याहून अलिबागपर्यंत चाळीस मिनिटे, असे एकूण तीन तास लागतात. जुहूहून हवाई टॅक्सी सुटली, तर तळापर्यंत अर्धा तास, तपासणी आणि वजन यांत वीस मिनिटे, उड्डाणाची बारा मिनिटे आणि पुढे मांडवा ते अलिबाग तीच चाळीस मिनिटे, म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटे होतात. त्याची सव्वा तासाहून थोडी अधिक बचत झाली. दुसरा प्रवासी कुलाब्याचा आहे. तो दहा मिनिटांत गेटवेवर येतो, पंधरा मिनिटे थांबतो, पंचावन्न मिनिटे लाँचमध्ये बसतो आणि तिकिटातच मिळणाऱ्या बसने चाळीस मिनिटांत अलिबागला उतरतो. हे दोन तास झाले. त्याला महालक्ष्मीला जाऊन हवाई टॅक्सी धरायची असेल, तर त्याचे जेमतेम वीस मिनिटे वाचतात, आणि त्या वीस मिनिटांसाठी तो अडीच हजार रुपये जादा मोजणार नाही. वेळ किती वाचतो हे यानाच्या वेगापेक्षा प्रवाशाच्या घराच्या पत्त्यावर अधिक अवलंबून असते, आणि मागणीचे अंदाज नेमके इथेच फसतात. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्याने मध्य मुंबईतल्या मोटारवाल्याला रस्त्याचा पर्यायही पूर्वीपेक्षा बरा झाला आहे.

आता ती शुक्रवारची रांग. एक यान मांडव्याला जाऊन, माणसे उतरवून, बॅटरीत थोडी भर घालून परत यायला पाऊण तास धरला, तर संध्याकाळच्या तीन तासांत त्याच्या चार फेऱ्या होतील आणि सोळा माणसे पोहोचतील. पाच याने ठेवली तर ऐंशी. एवढी माणसे एक लाँच एकाच खेपेत घेऊन जाते. बरे, शुक्रवारी संध्याकाळी सगळे मुंबईहून निघतात आणि रविवारी संध्याकाळी सगळे परततात. म्हणजे उलट दिशेची खेप रिकामी जाते, आणि त्या रिकाम्या खेपेचा खर्चही भरलेल्या खेपेतल्या चौघांच्याच तिकिटात चढतो. सोमवार ते गुरुवार याने काय करतील, हा प्रश्न वेगळाच. थोडक्यात, अलिबागला शेतघर असलेला, पश्चिम उपनगरात राहणारा आणि स्वतःच्या तासाची किंमत हजारांत मोजणारा प्रवासी निश्चित आहे. तो रांगेतला शंभरातला एखादा आहे.

प्रश्न (रत्नागिरी, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी) : जी सेवा अजून अस्तित्वातच नाही, तिची प्रवासी मागणी मोजतात कशी? आम्हाला महाविद्यालयात सर्वेक्षणाचा प्रकल्प करायचा आहे.

उत्तर : आपला प्रश्न या साऱ्या विषयाचे मूळ आहे, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

माणसे जे सांगतात ती एक मागणी आणि माणसे जे करतात ती दुसरी. पहिली मोजणे सोपे असते. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने २०२१ साली बार्सिलोना, मिलान, पॅरिस अशा शहरांतील रहिवाशांचे मत घेतले, तेव्हा ८३ टक्के लोकांचा शहरी हवाई वाहतुकीकडे पाहण्याचा कल अनुकूल निघाला आणि ७१ टक्के लोकांनी ती वापरून पाहण्याची तयारी दाखवली. हे आकडे खरे आहेत. मात्र ते औत्सुक्याचे आहेत, तिकीटविक्रीचे नाहीत. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. अमेरिकेच्या ‘नासा’ने २०१८ मध्ये करवून घेतलेल्या एका बाजारपेठ अभ्यासात हवाई टॅक्सी आणि तत्सम सेवांची अमेरिकेतील कल्पित बाजारपेठ ५०० अब्ज डॉलरची धरली होती, आणि मग तीतून भाडे परवडण्याची मर्यादा, हवामान, उतरण्याच्या जागा, परवाने, लोकांची भीती असे एकेक अडसर वजा करत गेल्यावर नजीकच्या काळात हाती लागेल असा भाग उरला तो अवघा अर्धा टक्का, म्हणजे अडीच अब्ज डॉलर. कोणताही प्रामाणिक अंदाज असाच बांधतात. वरून सुरुवात करायची आणि काय काय गळते ते नोंदवत खाली यायचे.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी मी मांडव्याच्या धक्क्यावर कागद-पेन घेऊन उभा होतो. लाँचमधून उतरलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांनी ‘जलद सेवा मिळाल्यास दोन हजार रुपये द्याल का’ या प्रश्नापुढे क्षणभरही विचार न करता ‘होय’ लिहिले. मी त्यांना पुढचा प्रश्न विचारला, आज लाँचमध्ये आपण कुठे बसलात? ते म्हणाले, खाली. वरच्या डेकचे जादा पैसे घेतात. ते खोटे बोलत नव्हते, हे मला आजही ठामपणे सांगावेसे वाटते. मनातल्या ‘होय’ला खिसा नसतो, आणि माझ्या प्रश्नावलीने त्यांना खिशात हात घालायला लावलेच नव्हते. त्या दिवसापासून मी ‘द्याल का’ हा प्रश्न एकटा कधीच विचारला नाही. त्याच्या आधी ‘आज किती दिलेत’, ‘गेल्या महिन्यात किती वेळा आलात’, ‘तिकीट स्वतः काढले की कंपनीने’ हे विचारावे लागते. शिवाय सामान पाहावे लागते. त्याच धक्क्यावर परतीच्या वाटेवरच्या एका बाईंच्या हातात पांढऱ्या कांद्याच्या चार माळा आणि कडव्या वालांची पिशवी होती. चार आसनी यानात माणसे आणि सामान यांचे वजन किलोकिलोने मोजतात. त्या माळांसह त्या बाई हवाई टॅक्सीच्या प्रवासी ठरतात का, हे कुठल्याही टक्केवारीत दिसत नाही.

केलेल्या व्यवहारातून मागणी कशी कळते, याचे आपल्या घरचेच उदाहरण घ्या. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने चाकरमान्यांच्या मोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा रायगडमधील कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी जाहीर केली. एका मोटारीला ७,८७५ रुपये, एका खेपेत ४० मोटारी, आणि किमान १६ मोटारींचे आरक्षण झाले तरच गाडी सुटणार. महामार्गाला कंटाळलेल्या लोकांना ही कल्पना मनापासून आवडली, आणि आरक्षण मात्र अत्यल्प झाले. कारण उघड होते. मुंबईहून कोलाडपर्यंत गाडी स्वतःच हाकायची, आणि कणकवलीच्या माणसाने मात्र वेर्ण्याला उतरून उलट यायचे. नंतर कणकवलीजवळच्या नांदगावला थांबा द्यावा लागला. हवाई टॅक्सीच्या अभ्यासकाने हा प्रसंग वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा. लोकांना त्रास आहे म्हणून कुठलाही उपाय विकला जात नाही. उपाय त्यांच्या गावाशी थांबावा लागतो.

आपल्या प्रकल्पासाठी माझी सूचना अशी, की रत्नागिरीच्या रेल्वे स्थानकावर वातानुकूलित डब्यातून उतरणाऱ्या आणि मुंबईहून रात्रीच्या खासगी बसने आलेल्या प्रवाशांनाच विचारा. थोडे जादा पैसे देऊन वेळ किंवा आराम विकत घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्याकडूनच विश्वासार्ह उत्तर मिळते. आणि प्रत्येकाला भाड्याचे चार आकडे चार वेगवेगळ्या कार्डांवर दाखवा, एकच आकडा दाखवू नका.

प्रश्न (गुहागर) : गणपतीला बोरिवलीहून निघालेला माझा भाऊ गेल्या वर्षी चौदा तासांनी घरी पोहोचला. त्या दिवशी कुणीही पाच हजार रुपये दिले असते. ही मागणी नव्हे काय?

उत्तर : ही मागणीच आहे, आणि कोकणातल्या प्रवासाची सगळ्यात कळवळून केलेली मागणी आहे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि काही मिनिटांत प्रतीक्षा यादी लागते, हे आपण दर वर्षी अनुभवतो. तरीही हवाई टॅक्सी या मागणीला उत्तर देऊ शकत नाही.

एक तर अंतर. मुंबई ते गुहागर सरळ रेषेतही १६० किलोमीटरच्या वर जाते. जोबी या आघाडीच्या अमेरिकी कंपनीच्या यानाचा घोषित पल्लाच साधारण तेवढा आहे, आणि आकस्मिक प्रसंगासाठी बॅटरी राखून ठेवावी लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. आर्चरचे यान तर मुख्यतः ३० ते ८० किलोमीटरच्या टप्प्यांसाठी आखलेले आहे. दुसरे म्हणजे संख्या. रेल्वेच्या एका शयनयान डब्यात ८० जण जातात. त्या एका डब्याला हवाई टॅक्सीच्या वीस खेपा लागतील, आणि तेही गौरीचे सामान, नारळ, मुलांच्या पिशव्या घरी ठेवून. तिसरे, जी याने त्या चार दिवसांसाठी विकत घ्यायची, त्यांचे हप्ते उरलेले ३६१ दिवस कोण भरणार? उच्चांकी गर्दीच्या चार दिवसांवर बेतलेली सेवा उभी राहत नाही, मग ती बस असो की यान.

मला या प्रश्नात खरे दुखते ते वेगळेच. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. एवढ्या वर्षांत रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा तेवढा दुहेरी झाला, तोही २०२१ मध्ये. आपल्या भावाचे चौदा तास कमी करायचे असतील, तर पुढचा टप्पा दुहेरी व्हावा आणि महामार्गाचे रखडलेले पूल पूर्ण व्हावेत, यासाठी आग्रह धरला पाहिजे. हवाई टॅक्सीच्या चर्चेने हा आग्रह सैल पडू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (मालवण, निवास-न्याहारी व्यावसायिक) : पर्यटक हौशी असतो, खर्चाला मागेपुढे पाहत नाही. गोव्याच्या मोपा विमानतळाहून थेट मालवणला हवाई टॅक्सी आली, तर पर्यटनावर ती चालणार नाही का?

उत्तर : हौस पहिल्या फेरीला येते, दुसऱ्या फेरीला सेवेचा वक्तशीरपणा लागतो. गुजरातेत साबरमती ते केवडिया सी-प्लेन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी मोठ्या उत्साहात सुरू झाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये थांबले. आपल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. मुंबईच्या विमानाला सुरुवातीला प्रवासी भरभरून मिळाले, पण उड्डाणे रद्द होऊ लागली, तसे लोक पुन्हा रेल्वेकडे आणि जानेवारी २०२३ पासून बांद्याच्या शेजारी सुरू झालेल्या मोपा विमानतळाकडे वळले. पुढे सरकारी साहाय्याची तीन वर्षांची मुदत संपल्यावर ती सेवा खंडितही झाली. ‘उडान’ योजनेत तिकिटातली तूट सरकार भरून देत होते, तरीही असे झाले, हे लक्षात घ्यावे.

मोपा ते मालवण हा टप्पा यानाच्या पल्ल्यात बसतो, आणि डिसेंबर ते मे या काळात काही पर्यटक नक्की मिळतील. परंतु जून ते सप्टेंबर काय करणार? आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. ढग खाली उतरलेले, वारा झोडपणारा, समोरचे दिसत नाही, अशा हवेत ही हलकी याने उडवणे कुणी पत्करणार नाही. म्हणजे समुद्र बंद असताना ज्या पर्यायाची गरज सर्वाधिक भासते, नेमका तोही त्याच वेळी बंद. चार महिने तळ, कर्मचारी आणि कर्ज बसून राहणार असेल, तर उरलेल्या आठ महिन्यांचे भाडे त्या प्रमाणात वाढवावे लागेल. आपण आपल्या खोल्यांचे दर ठरवताना हाच हिशेब करता, त्यामुळे आपल्याला तो मी अधिक सांगण्याची गरज नाही.

प्रश्न (श्रीवर्धन) : गेल्या जुलैत पहाटे माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. मुंबईच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेपाच तास गेले. ते वाचले, पण हृदयाचे कायमचे नुकसान झाले. अशा वेळी तरी हे यान आमच्या उपयोगी पडेल का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. सासरे आता घरी आहेत हे वाचून बरे वाटले.

ही मागणी तिकिटाच्या भाषेत मोजू नये. श्रीवर्धन ते मुंबई सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पल्ल्यात आहे. रस्त्याने जाणारे साडेपाच तास आणि हवेतून लागणारा अर्धा-पाऊण तास यांतला फरक हृदयाच्या स्नायूंच्या आयुष्याचा फरक असतो. इथे भाडे रुग्णाने नव्हे, तर शासनाने किंवा विम्याने द्यायचे असते, जसे १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचे दिले जाते. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू केली, ती याच विचाराने. युरोपच्या ज्या पाहणीचा मी वर उल्लेख केला, तिच्यातही लोकांनी सर्वांत आधी पसंती दिली ती वैद्यकीय आणि आपत्कालीन वापराला. प्रवासी म्हणून हवाई टॅक्सीत न बसणारी माणसेही गावाच्या माथ्यावरून जाणारा तिचा आवाज या कारणासाठी सहन करायला तयार असतात.

परंतु आपल्याला खोटी आशा देणार नाही. जुलैच्या पावसात, पहाटेच्या अंधारात, आज उपलब्ध असलेले कोणतेही यान श्रीवर्धनला उतरले नसते. स्ट्रेचर, परिचारिका आणि प्राणवायूचे नळकांडे यांसाठी आतली रचनाही बदलावी लागते. म्हणून ज्या हवेत काहीच उडत नाही त्या हवेसाठी तालुक्याच्या ठिकाणीच ईसीजी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चोवीस तास मिळणे, ही पहिली मागणी राहिली पाहिजे. त्या इंजेक्शनने मुंबईपर्यंतचे तास थोडे तरी सुसह्य होतात. आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडाल, तर त्यासाठी लागणारी माहिती मी आनंदाने पाठवीन.

प्रश्न (मुरुड तालुका) : ‘इथे हवाई टॅक्सीचा तळ होणार, भाव चौपट होईल’ असे सांगून एक मध्यस्थ आमच्या आठ गुंठे माळाचा साठेकरार (पुढे विक्री करण्याचा करार) करायला सांगत आहे. वडील गोंधळात पडले आहेत. काय करावे?

उत्तर : सही करू नये. तळासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते, समुद्रालगत असाल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, आणि चार्जिंगसाठी मोठ्या क्षमतेची वीजजोडणी लागते. यांपैकी एखाद्या तरी अर्जाची पोचपावती त्या मध्यस्थाकडे मागा. शिवाय साठेकरारात किंमत आज ठरते. भाव खरोखरच चौपट होणार असेल, तर ती वाढ आपल्या वडिलांना मिळणार नाही, करार करून घेणाऱ्याला मिळेल. वडिलांना एवढे एकच दाखवा, आणि सातबाऱ्याची मूळ कागदपत्रे कुणाच्याही हाती देऊ नका.